मावशीची उलटी साक्ष

फार फार जुनी गोष्ट. तेव्हा डोंगर अजून रांगत होते आणि माझ्यासारखे थापाडे जन्मायचे होते. म्हणजे गोष्ट खरीच असणार.

टेकडीमागे एक ख्रिस्ती गाव होतं. गावात एक देऊळ, देवळात लाकडी क्रूस आणि क्रुसावर लाकडी प्रभू. दर रविवारी तिथे साक्ष द्यायची पद्धत होती. देवानं आपलं काय भलं केलं ते उठून चारचौघांत सांगायचं. आता चारचौघांत सांगायचं म्हटलं की गोष्ट फुगतेच. एक जण म्हणाला, "माझी म्हैस आटली होती. प्रार्थना केली, आता दोन्ही वेळा दूध देते." शेजारीण लगेच उठली, "माझी तर थेट ताकच देते!"

सगळे म्हणाले, "आमेन!"

गप्प बसे ती एकटी सुईणमावशी. अख्खं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. पण तिची एकुलती एक लेक बाळंतपणात गेली, तिच्याच हातांत. बाळही गेलं. तेव्हापासून मावशी देवळात येई, मागे बसे आणि ओठ उघडत नसे.

देवळाचा कारभार बघणाऱ्या थोरल्या पंचांना हे खुपायचं. "मावशी, दुःखातसुद्धा आभार मानावेत. द्या की साक्ष!" असं ते दर रविवारी म्हणायचे. देवळाची सगळी शिस्त आपल्याच खांद्यावर आहे, अशी त्यांची समजूत होती.

एका रविवारी मावशी खरंच उठली. "देते. पण साक्ष विरुद्ध बाजूनंही देतात ना? माझी साक्ष देवाच्या विरुद्ध आहे."

भिंतीवरची पालसुद्धा चुकचुकायची विसरली.

"बाहेर काढा हिला!" पंच ओरडले. "मंडळीतून हिचं नाव काढा!"

"तू जन्मलास तो पाय आधी बाहेर काढून," मावशी म्हणाली. "तेव्हापासून उलटाच चालतोयस. खाली बस."

देवळाचे म्हातारे धर्मगुरू, पाळकबाबा, गालात हसले. "साक्ष मध्येच तोडायची नाही, हा आपलाच नियम. म्हशीचं ताक शेवटपर्यंत ऐकलं, हेही ऐकू."

मावशी क्रुसाकडे वळली. "देवा, तुझी लेकरं मी झेलली. उन्हात, चिखलात, जेवणाच्या ताटावरून उठून गेले. माझ्या लेकीच्या वेळी तुला हाका मारमारून घसा बसला. तू कुठे होतास? गावभर माझा हात चालला, तो माझ्याच घरी का अडला? याचं उत्तर दे. नाहीतर या गावात मी एकही नाळ कापणार नाही. उद्या सकाळी निघाले."

आता मात्र पंचांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांची सून पुढच्याच बाकावर बसली होती, दिवस भरलेली.

सगळे पाळकबाबांकडे बघू लागले. ते उत्तर देतील, असं सगळ्यांना वाटलं.

"माझ्याकडे उत्तर नाही," पाळकबाबा म्हणाले. "पण बाई, तू बोट दाखवतेयस त्याच्याकडे नीट बघ. त्यानंही त्या क्रुसावरून आपल्या बापाला, देवाला, हेच विचारलं होतं. मला का टाकलंस म्हणून. त्यालाही त्या घडीला उत्तर आलं नव्हतं."

मावशीनं क्रुसावरच्या प्रभूकडे नीट पाहिलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी ज्याच्यावर खटला भरला, तो माझ्याच बाजूला येऊन उभा राहिला?"

"तसंच दिसतंय."

"अवघड केलंत बाबा!" असं म्हणून ती रडू लागली. किती दिवसांचं साठलेलं होतं, कोण जाणे. तिचं ऐकून ताकवाली उठली. "माझी म्हैस मेली हो! मी खोटं बोलले!" मग दुसरा उठला, तिसरा उठला. ज्याला त्याला आपलं खरं दुःख सापडलं. गाव रडत होतं आणि मधूनच म्हशीच्या ताकावर खोखो हसतही होतं.

तेवढ्यात पंचांच्या सुनेनं किंकाळी फोडली. कळा सुरू झाल्या होत्या.

पंच धडपडत मावशीपुढे आले. आभारबिभार सगळं विसरले. "देवा रे, हे आत्ताच का? मावशी, काहीतरी करा!"

मावशीनं पदर खोचला. "आता कशी खरी प्रार्थना केलीस! चल, पाणी तापव."

"आणि मावशी, तुमचं ते उत्तर?" पंचांनी घाबरत विचारलं.

"नाही मिळालं. भांडण चालूच राहील. पण भांडायचं तर इथेच राहायला हवं ना? पळ!"

देवळामागच्या खोलीत पोर जन्मलं. आधी आवाजच नाही. मावशीनं त्याला उलटं धरलं, पाठीवर चापट मारली, आणि पोरानं असा टाहो फोडला की देवळाची घंटा आपोआप वाजली. (ही थाप वाटत असेल तर घंटेला विचारा.)

"किती रडतोय बिचारा!" पंच हळहळले.

मावशीचा चेहरा उजळला होता. "रडू दे, वेड्या! रडतोय म्हणून तर जिवंत आहे. मला भीती वाटते ती न रडणाऱ्याची."

त्या दिवसापासून त्या गावात आभाराची साक्ष होई, तशी तक्रारीचीही होऊ लागली, आणि 'आमेन' दोन्हींना तेवढ्याच जोरात मिळू लागलं. मावशी काही गाव सोडून गेली नाही.

बोध एवढाच: देवापुढे टाहो फोडणारा विश्वास मेलेला नसतो, तो नुकताच श्वास घेऊ लागलेला असतो.