साळाईची पहिली तोफ

आपल्या पणज्यांच्याही जन्माआधी, फार फार वर्षांपूर्वी, जांभळगडाच्या पायथ्याशी तळशिंगे गावात साळाई नावाची ओतारीण राहायची. तिच्या घरात पिढ्यान् पिढ्या पितळेच्या घंटा ओतल्या जायच्या.

गडावरच्या तोफा मात्र टोपीकरांच्या, समुद्रापलीकडून विकत आणलेल्या. इथे कोणी तोफ ओतायची नाही, असं वचन टोपीकरांनी किल्लेदाराकडून घेतलं होतं. साळाईच्या सासऱ्याने एकदा तोफेचा साचा घातला, तर किल्लेदाराने शिपाई पाठवून आपल्याच गावची भट्टी फोडली.

पुढे गडाला शत्रूचा वेढा पडला आणि सारं गाव गडावर आसऱ्याला गेलं. त्याच दिवशी गडावरचे टोपीकरांचे गोलंदाज तोफांच्या कानांत खिळे ठोकून, त्या निकामी करून, खाडीतल्या आपल्या गलबतावर निघून गेले. शत्रूही आमचं गिऱ्हाईकच आहे, असं त्यांनी वर कळवलं.

साळाईने कोणाला विचारलं नाही. तिने गडावरच भट्टी मांडली. बायकांनी घागरी, परातीसुद्धा आणून दिल्या. तोफ ओतली गेली. तिचा मुलगा येसबा बत्ती द्यायला पुढे झाला. तोफ फुटली आणि येसबा जागीच गेला.

किल्लेदार म्हणाला, “म्हणूनच आम्ही विकत घेत होतो.”

साळाई मुलापाशी बसली होती. ती उठली.

“टोपीकरांची पहिली तोफ फुटली नसेल? पण त्यांच्या राजाने त्यांची भट्टी फोडली नाही. तुम्ही आमची फोडलीत. आम्ही चुकत चुकत शिकलो असतो, ती सगळी वर्षं तुम्ही विकून टाकलीत. माझं लेकरू त्यापायी गेलं.”

लोक किल्लेदाराला ओलांडून पुढे गेले आणि फुटलेल्या तोफेचे तुकडे गोळा करू लागले. साळाई भट्टीसमोर उभी राहिली आणि भाता न हलवता भट्टी पेटली, असं म्हणतात.

दुसऱ्या तोफेला तिने स्वतः बत्ती दिली. पहिला गोळा शत्रूच्या छावणीवरून उडून खाडीतल्या टोपीकरांच्या गलबताची डोलकाठी तोडून गेला, आणि त्या आवाजात साऱ्या मुलखाला ‘येसबा’ अशी हाक ऐकू आली, असं म्हणतात. गडाची तोफ पुन्हा बोलली हे पाहून शत्रूने वेढा उठवला. किल्लेदाराने पाठवलेली साडीचोळी साळाईने दारातूनच परत केली.

आजही तळशिंग्यात कोणाचं मडकं तडकलं, कोणाचं नवं जातं फुटलं, तर हसायची चाल नाही. थोरलं माणूस उठतं, ‘साळाईची पहिली’ एवढंच म्हणतं आणि तुकडे वेचू लागतं.