चावणारं पाणी

फार फार पूर्वी, जेव्हा डोंगर होते पण त्यांना कुणी नावं दिली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका घाटाच्या माथ्यावर एक गाव होतं. गावात जव पिकत, मेंढ्यांची लोकर होई, रानात मध मिळे. नव्हतं ते फक्त मीठ. मीठ यायचं खालून, समुद्राकडून, बैलांच्या पाठीवर.

घाट ओलांडायला दुसरीही एक वाट होती आणि ती बरीच सोपी होती. तरी मीठवाले धापा टाकत याच गावात येत. का, तर इथलं जवपाणी प्यायला.

जवपाणी म्हणजे मोड आलेल्या जवाचं फेसाळ पेय. थोडं प्यालं की शीण जातो आणि जास्त प्यालं की अक्कल जाते, असं गावातलेच लोक सांगत. ते बने एकाच घरी, एका म्हातारीच्या हातून. मोड आणून वाळवलेले जव ती जात्यावर भरडायची, एका जाड कापडी पिशवीत भरायची आणि पिशवी गरम पाण्याच्या हंड्यात सोडायची. हंड्यावर घोंगडी टाकून शांतपणे बसून राहायची. मग पिशवी उचलून आडव्या दांड्याला टांगायची आणि आपोआप निथळू द्यायची. तोवर हंड्यातलं पाणी गोड झालेलं असे. त्यात कडू पाला घालून ते उकळायचं, गार करायचं आणि मागल्या वर्षीच्या फेसात बुडवून वाळवलेली काठी त्यातून फिरवायची. थोड्या दिवसांत हंडा फसफसू लागे.

ही सगळी करामत पिशवीची, असं गाव मानत असे. पिशवी म्हातारीच्या आजीच्या हातची होती. दर वर्षी तिला हळदकुंकू वाहत आणि मगच चूल पेटवत.

या म्हातारीचा एक घरजावई होता. तो मुळात मीठवाल्यांबरोबर आलेला. जवपाणी प्याला, ते वाढणारी मुलगी पाहिली आणि राहिला. "मीठ घेऊन आला आणि आमचंच मीठ खात बसला," असं गाव हसून म्हणे. माणूस भला होता आणि कामाला वाघ होता. खोड एकच, प्रश्न विचारायची. सासूला तो मामी म्हणे आणि तिच्या मागे मागे फिरे.

"मामी, जव पिशवीत का घालायचे? नुसते हंड्यात टाकले तर?"

"मग बाहेर कोण काढणार, पाव्हणं? तुम्ही वेचत बसणार?"

हे त्याला पटलं. "आणि पिशवी का पिळायची नाही?"

"माझी आई पिळत नव्हती."

"बरं, पाण्यातून बोटं का फिरवता?"

"पाणी चावतंय का ते बघायला. पाणी चावलं पाहिजे, पण खाल्लं न्हाई पाहिजे."

"का बरं?"

"आता तुम्ही माझं डोकं खायला लागलाय," म्हातारी म्हणे आणि पाठ फिरवे.

खरं सांगायचं तर ते का, हे तिलाही ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नाही हे जावयाला सांगणं कुठल्या सासूला जमलं आहे? जावयाला त्याचं वाईट वाटत नसे. वाईट वाटे ते एवढंच, की इतकी वर्षं या घरात राबूनही तो तिच्या तोंडी अजून पाव्हणाच होता.

एका वर्षी पावसाळ्यात म्हातारी आजारी पडली. हिवाळ्याच्या तोंडावर उठून कामाला लागली, पण तिच्या हातून कधी तांब्या निसटे, कधी पळी पडे. "वय झालं," ती म्हणे. मीठवाले यायची वेळ जवळ आली, तेव्हा तिनं नेहमीसारखी चूल पेटवली आणि पिशवी हंड्यात सोडली.

पिशवी वर काढली तेव्हा तिच्यातून खळीसारखा चिकट रस गळत होता. पाणी चाखलं तर गोडीचा पत्ता नाही. काठी फिरवली, पुन्हा फिरवली. हंडा मठ्ठ बसून राहिला आणि शेवटी त्याला आंबूस वास येऊ लागला.

गाव गोळा झालं. पाटलानं हंड्यात डोकावून नाक मुरडलं. "पिशवी बाटली," तो म्हणाला. "हिला बाहेरचा हात लागलाय. कुणाचा?"

"माझा," जावई म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "उन्हाळ्यात मी ती उलटी करून बघितली होती. आतून शिवण कशी आहे ते."

एवढं पुरे झालं. पाटलानं निवाडा सांगितला. पिशवी धुनीवर धरून शुद्ध करायची. घरात उरलेल्या जवाचं पुन्हा एकदा जवपाणी करून बघायचं. तेही बिघडलं तर पाव्हण्यानं ज्या वाटेनं आला त्या वाटेनं खाली उतरायचं. "मीठवाल्यांनी एकदा वाट बदलली की बदलली," पाटील म्हणाला. "याच्यापायी सगळ्या गावानं अळणी खायचं का?"

जावयानं सासूकडे पाहिलं. ती खाली मान घालून बसली होती. गाव सोडावं लागेल याच्यापेक्षा तिचं ते गप्प बसणं त्याला जास्त लागलं.

ठरल्या दिवशी जव भरडून झाले, चुलीवर हंडा चढला आणि अंगणात धुनी पेटली. पाटलानं पिशवी भक्तिभावानं धुरावर धरली. त्या कापडात पिढ्यान्‌पिढ्यांची साखर मुरलेली. भक्तीच्या भरात पाटलाचा हात जरा जास्त खाली गेला आणि पिशवीनं भस्सकन पेट घेतला. त्याच्या हातात उरली ती नुसती नाडी.

"हेसुद्धा याच्यामुळंच," पाटील जावयाकडे बोट दाखवून म्हणाला. गावानं माना डोलावल्या. एकदा माणूस सापडला की सगळं त्याच्या अंगावर बरोबर बसतं.

"पण जव भरडून झालेत," जावयाची बायको म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज घट्ट होता. "पाणी चुलीवर आहे. फेकून द्यायचं का?"

जावयानं डोक्यावरचं पागोटं सोडलं. ते लाल पागोटं त्यानं खालच्या मुलखातून येताना बांधून आणलं होतं. "हे दुहेरी करून शिव," तो बायकोला म्हणाला. लोक हसले, पण कुणी घरी गेलं नाही. बिघडलेलं बघायला माणूस आनंदानं थांबतो.

म्हातारी चुलीपाशी बसली. तिनं उजव्या हाताची बोटं पाण्यातून फिरवली. "चावत न्हाई अजून. लाकूड सारा."

लाकूड सारलं. तिनं पुन्हा बोटं फिरवली. "न्हाई. आणखी सारा."

जावई तिच्या बोटांकडे बघत होता. त्यांच्यावर मागल्या खेपेचे फोड होते, हळद लावलेले. चुलीचा चटका बसला, असं तिनं तेव्हा सांगितलं होतं. तेव्हापासून एक गोष्ट त्याच्या मनात घोळत होती. चुलीचा चटका एका जागी बसतो, मग हिची सगळी बोटं सारखी कशी पोळली? त्यानं हळूच आपलं बोट पाण्याला लावलं आणि झटक्यानं मागं घेतलं.

तो सासूच्या शेजारी बसला आणि तिलाच ऐकू जाईल असं बोलला. "मामी, एकदा डाव्या हातानं बघा."

"जवपाण्याला डावा हात लावत न्हाईत."

"का बरं?"

या वेळी तिनं पाठ फिरवली नाही. तिनं डाव्या हाताची बोटं पाण्यात घातली. दुसऱ्याच क्षणी तिनं हात ओढून घेतला. मग आपल्या उजव्या हाताकडे, तो दुसऱ्या कुणाचा असावा तशी, ती बराच वेळ बघत राहिली.

जावयाला ओरडून गावाला सांगता आलं असतं, तसा त्याला हक्कही होता. पण सासूनं चारचौघांत खाली बघावं, असं त्याला वाटेना.

म्हातारीच उठून उभी राहिली. "पिशवीला काही झालं नव्हतं," ती म्हणाली. "माझा हात मेलाय. पाणी मला खात होतं आणि मला कळत नव्हतं. मागच्या खेपेला मी कढत पाण्यात जव मारून टाकले. यांचा दोष न्हाई. मी आधी बोलायला पाहिजे होतं."

तिनं हंडा उतरवायला लावला आणि त्यात थोडं थोडं गार पाणी ओतलं. मग जावयाचं मनगट धरून त्याची बोटं पाण्यातून ओढली. "हे बघा. एवढंच चावलं पाहिजे. लक्षात ठेवा."

लाल पागोट्याची पिशवी हंड्यात उतरली. वर घोंगडी पडली. पुष्कळ वेळानं पिशवी दांड्याला टांगली आणि ती टपटप निथळू लागली. जावयानं एक थेंब बोटावर घेऊन चाखला. मग वाटी भरून पाटलापुढं धरली. पाटलानं जीभ लावली, वाटी रिकामी केली आणि ती पुन्हा पुढं केली.

मीठवाले आले तेव्हा हंडा फसफसत होता. "यंदा रंग तांबूस कसा?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दुसरा पेला मागितला. दारोदार गोणी उतरू लागल्या.

पाटलानं ती जळकी नाडी देवळात टांगली. लोक येताजाता तिला हात जोडत आणि घरी जाऊन मिळेल त्या धड कापडाच्या पिशवीत जवपाणी करत. आता ते एकाच घरचं राहिलं नाही. पाण्यात बोट घालायला कुणी कुणाचा हात पारखत बसेना, उजवा असो की डावा.

मीठवाले आले त्या दिवशी जावई ओट्यावर मिठाची गोणी टेकवून उभा होता. आतून म्हातारीनं हाक मारली, "अरे, उभा काय राहिलास? घरात आण ते."

हाकेतून 'पाव्हणं' गेलं होतं आणि 'तुम्ही'ही गेलं होतं. जावयानं गोणी उचलली आणि आत गेला. का बरं, असं त्यानं त्या एका वेळी विचारलं नाही.

तात्पर्य: जो कारण शोधत नाही, त्याला दोष द्यायला माणूस लगेच सापडतो.