जुन्या कापडाचं माप

कापडंही माणसांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. एका जुन्या मोटारीच्या छताचं आतलं कापड फाटून लोंबू लागलं, म्हणून बाबालाल कारागिराने ते उसवून काढलं आणि मापासाठी नव्या कापडावर ठेवायला घेतलं.

"ही मळकी चिंधी माझ्या अंगाला लावू नका," नवं कापड म्हणालं. बाबालालने टेपने मापं घेऊन ते छताला टाचून पाहिलं, तर सुरकुत्याच सुरकुत्या!

"टेपला छताची वळणं काय ठाऊक? ती माझ्या अंगात मुरलीत," जुनं कापड म्हणालं.

बाबालालने जुनं कापड नव्यावर पसरलं, भोवती खडूने रेघ मारली आणि रेघेवरून कात्री चालवली. नवं कापड छताला ढोलकीसारखं ताणून बसलं.

जुन्याचं फडकं झालं. मोटारीची काच पुसता पुसता ते वर बघून ऐटीत म्हणालं, "शोभतंय हो माझं माप तुला!"