ठिपक्या घोड्याचा स्वार

दिगूकाकांनी टेबलावर लढाईचा देखावा मांडला. मातीचा डोंगर, पुठ्ठ्याचा किल्ला, बोटाएवढे घोडेस्वार. सगळ्यांत मागे ठिपक्या घोडा.

एकदा काय झालं? ठिपक्याचा स्वार घसरला. टप्! टेबलावरून पडला. गडगड गडगड कपाटाखाली गेला.

फौज पुढे बघत होती. कुणी मागे वळलंच नाही.

ठिपक्या निघाला. टपक टपक, टपक टपक.

वाटेत भेटली मुंगी.
"मुंगीताई, मुंगीताई,
स्वार येईना. पाठ रिकामी. मी एकटा!
त्याला आणतेस का?"
मुंगी म्हणाली, "कपाटाखाली अंधार. दिवा लागेल, तर मी जाईन."

टपक टपक, टपक टपक.
"दिवेदादा, दिवेदादा,
मुंगी जाईना. स्वार येईना. पाठ रिकामी. मी एकटा!
लागतोस का?"
दिवा म्हणाला, "माझी वात कोरडी. तेल येईल, तर मी लागेन."

टपक टपक, टपक टपक.
"बाटलीबाई, बाटलीबाई,
दिवा लागेना. मुंगी जाईना. स्वार येईना. पाठ रिकामी. मी एकटा!
तेल देतेस का?"
बाटली म्हणाली, "माझं बूच घट्ट. काका बूच काढतील, तर मी देईन."

टपक टपक, टपक टपक.
"दिगूकाका, दिगूकाका,
तेल येईना. दिवा लागेना. मुंगी जाईना. स्वार येईना. पाठ रिकामी. मी एकटा!
बूच काढता का?"

काकांनी कुंचला खाली ठेवला.
"दिवसभर माझ्याशी कुणी बोललं नाही रे. तू जरा बोल, मग काढतो."

ठिपक्या बसला काकांच्या हातापाशी. म्हणाला, "माझ्या स्वाराचा फेटा लाल. स्वार थोडा वाकडा बसतो."
"वाकडा तर मीही बसतो!" काका हसले. खूप दिवसांनी हसले.

मग काकांनी बूच काढलं. फट्!
बाटलीने तेल दिलं. बुडुक बुडुक.
काकांनी काडी ओढली. फुर्र! दिवा लागला.
मुंगी निघाली. बहिणींना घेऊन निघाली. तुरुतुरु खाली, तुरुतुरु वर.
आणि स्वार आला!

काकांनी त्याला पाठीवर बसवलं.
"कुठे होतास?" ठिपक्याने विचारलं.
"अंधारात. तुला हाका मारत होतो."
"ऐकू नाही आल्या रे. तरी मी शोधत होतो."

टपक टपक, टपक टपक.
घोडा पोचला फौजेत, गोष्ट पोचली कानात!