फांदीचं उत्तर

फार मागची गोष्ट, बरं का. विहिरीकाठच्या एका बाभळीवर झिपरू नावाचा सुगरण पक्षी राहायचा, आणि साळू ही त्याची होणारी बायको. त्यांच्यात रीतच अशी, की नराने अर्धं घरटं विणायचं, मादीने येऊन ते पारखायचं, आणि तिला पसंत पडलं तरच संसार मांडायचा.

साळू आली. विणकामाकडे तिने बघितलंच नाही. म्हणाली, "फांदीकडे जागा मागितलीस ना? काय म्हणाली ती?"

"मागितली की. उत्तराला कोण थांबतंय? मोसमाची सुरुवात आहे, अख्खं झाड रिकामं पडलंय. नाही कशाला म्हणेल?"

"मी नाहीच म्हणाले होते," फांदी हळूच बोलली. "मला आतून किड्यांनी पोखरलंय. हा आपला विणतच सुटला."

झिपरूचा चेहरा उतरला. "एवढं झालंय तर पुरं करू दे. पुढचं पुढे बघू."

"पुढे आत माझी अंडी असतील, शहाण्या. आज सोडलंस तर नुसतं गवत जाईल."

झिपरू मुकाट्याने शेजारच्या फांदीकडे गेला. जागा मागितली आणि या खेपेला चोच मिटून थांबला. बऱ्याच वेळाने फांदी "ये" म्हणाली, तेव्हाच त्याने पहिली गाठ मारली.

पुढे आषाढात वारा सुटला आणि पोखरलेली फांदी त्या अर्ध्या घरट्यासकट विहिरीत गेली. साळू शेजारी पिल्लांना पोटाखाली घेऊन बसली होती. पोळ्याच्या सुमाराला तिन्ही पिल्लं उडाली, आणि झिपरूचं कूळ त्या बाभळीवर सुखाने नांदत राहिलं.