कमळकंदाचा घास

एका राज्यात, जिथे राजाच्या ताटाशेजारी रोज मांजराचं पान मांडलं जाई, अरिंजय नावाचा राजा राज्य करीत होता. शूर होता, न्यायी होता, पण संशयाचं भूत मानगुटीवर बसलेलं. पहिला घास मांजराला. मांजर जगलं, तर दुसरा घास राजाला. राणी विशाखा लग्न होऊन आली, त्या दिवशी तिनं राजाला भरवायला उचललेला घासही आधी मांजराच्याच पोटात गेला. 

एकदा कालकेतू नावाचा मांत्रिक दरबारात आला. आपल्या तळ्यातला कमळाचा कंद त्यानं मोठ्या प्रेमानं राजापुढे ठेवला. राजानं सवयीनं मांजराला हाक मारली. झालं! मांत्रिकाचे डोळे लाल झाले.

"राजा, अन्नाचा असा अपमान? तुझ्या घरात जी तुला अन्न वाढते, ती आजपासून पाषाण होत जाईल."

एवढं बोलून तो धूर होऊन खिडकीतून निघून गेला. राणीची पावलं तिथल्या तिथे दगडाची झाली.

दुसऱ्या दिवशी राजवाड्यातल्या तळ्यावर एक कमळपक्षी उतरला. चोचीतल्या तीन काळ्या बिया काठावर ठेवून तो माणसाच्या वाणीनं बोलला, "राजा, तीन कामं कर. बी जागं कर. कंद वाढव. तो स्वतः राणीला भरव. तिच्याआधी तो कुणी चाखायचा नाही, मांजरानंही नाही. शाप उतरेल."

"तुला कुणी पाठवलं?"

"कालकेतूनं. त्याचा राग आता निवळला आहे."

यावर कोण विश्वास ठेवील? खरं सांगायचं तर मीही ठेवला नसता. प्रधान राजाच्या कानाशी लागला, "महाराज, बियांतच काहीतरी असेल." राजानं पहिलं बी अडकित्त्यानं फोडलं. आत हिरवा कोंब होता, बाकी काही नव्हतं. बी वाया गेलं. राणी गुडघ्यांपर्यंत दगड झाली.

"फोडायचं नसतं," पक्षी म्हणाला. "कवच टणक असतं. ते थोडंसं घासायचं आणि बी पाण्यात ठेवायचं."

दुसरं बी राजानं सहाणेवर घासलं. जादूचंच बी ते, ऋतूसाठी थोडंच थांबणार! दिवस मावळायच्या आत चिखलात कंद धरला, तळं पानांनी झाकलं, गुलाबी फुलं उमलली. सारं नगर बघायला लोटलं. पण राजाच्या मनात पाल चुकचुकली. हे देठ पोकळ का? या नळ्यांतून मांत्रिक खाली विष तर सोडत नसेल? त्यानं पाण्यात हात घालून एकेक देठ मुळाशी कापला, डोळ्याला लावून आरपार पाहिलं. पलीकडे आभाळ दिसलं. सकाळी पाहतो तर कंद कुजलेला आणि राणी छातीपर्यंत दगड.

"देठांतून कंद श्वास घेतो," पक्षी म्हणाला. "पाण्याखाली कापलेस, पाणी आत शिरलं. तूच त्याला बुडवलंस."

उरलं एक बी. आता राजाला स्वतःचाच संशय येऊ लागला. बी रुजताच त्यानं प्रधानाला घरी धाडलं, सुरी-तलवार कोठारात टाकली आणि तळ्याकडे पाठ करून बसला. पानं पिवळी पडून कंद तयार झाल्याचं पक्ष्यानं सांगितलं, तेव्हाच तो चिखलात उतरला. पायांनी चाचपून त्यानं कंद अलगद मोकळा केला. आचाऱ्यांवर भरवसा नव्हताच, म्हणून जन्मात पहिल्यांदा स्वतः चुलीपुढे बसला.

राणी तोवर गळ्यापर्यंत दगड झाली होती. राजानं घास पुढे केला. तिनं त्या छिद्राछिद्रांच्या चकतीकडे निरखून पाहिलं.

"यात काय आहे?"

"कमळाचा कंद. तूप. जिरं."

"माझ्या हातचा घास आपण मांजराला घातलात. आज मांजर कुठे आहे?"

"आज त्याला चाखवता येत नाही."

"मग मी कशाच्या भरवशावर खाऊ?"

 राजानं मान खाली घातली. "नको खाऊस," तो म्हणाला. "मी तुझ्याशी फार वाईट वागलो, विशाखा." आणि सगळ्यांदेखत राजा रडला. दगड राणीच्या हनुवटीपर्यंत चढला.

"मीठ किती घातलंत?" तिनं विचारलं.

राजा दचकला. "मीठ? ते राहिलंच."

राणीला हसू फुटलं. "विष घालणारा माणूस मीठ विसरत नाही, महाराज," असं म्हणून तिनं तोंड उघडलं.

घास गळ्याखाली उतरला आणि अंगावरचा दगड ओल्या मातीसारखा गळून पडला. राणी उठली, तडक चुलीपाशी गेली, उरलेल्या चकत्यांवर मीठ भुरभुरलं आणि राजाला वाढलं. राजानं ताट पुढे ओढून सगळ्या संपवल्या. त्या राज्यात तेव्हापासून सारे एकदमच जेवायला बसतात. तशी सुखाची पंगत तुमच्याही घरी बसो.