डोंगर निघालाय

एका डोंगराळ मुलखात हरपाळ नावाचा राजा राज्य करीत होता. गावोगावची पत्रे त्याच्या दरबारी येत आणि ती वाचून दाखवायला विसाजीपंत चिटणीस होते. त्यांचा आवाज खणखणीत होता. कितीही गिचमिड अक्षर असो, पंत कुठे अडखळत नसत. वाचन संपले की दरबारी माना डोलवीत आणि पंत हळूच मिशीवरून बोट फिरवीत.

एका श्रावणात कातळवाडी नावाच्या वस्तीतून पत्र आले. एका उंच डोंगराच्या पोटाशी ही चाळीस घरांची वाडी होती. तिथल्या देवळाचे म्हातारे गुरव सोमाजी यांनी ते लिहिले होते. पंतांनी ते भर दरबारात वाचले.

“महाराजांचे चरणी सोमाजी गुरवाचा दंडवत. यंदा पाऊस पुष्कळ. देवळाचे दार पंधरा दिवस झाले लागत नाही, चौकट वाकडी झाली. आमच्या सुनेला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. झऱ्याचे पाणी उघडीप असली तरी गढूळ येते. वरच्या अंगाचे तीन आंबे वाडीकडे कलले आहेत. धोंडू गवळ्याच्या अंगणाला भेग पडली, तीत हात जातो. गुरे गोठ्यात शिरायला तयार नाहीत. महाराजांच्या कानी असावे म्हणून लिहिले.”

राजा कनवाळू होता. त्याने तिथल्या तिथे हुकूम दिले. दारासाठी सुतार पाठवावा. पाण्यासाठी वैद्य पाठवावा. भेग बुजवायला गवंडी जावा. बाळंतिणीला लुगडे द्यावे. “पुढच्या आठवड्यात सगळे रवाना करा,” राजा म्हणाला. पत्र पंतांच्या दप्तरात गेले.

त्याच दिवशी दुपारी राजा गावातली शाळा पाहायला गेला. पंतही बरोबर होते. शाळेचे गुरुजी मोरोबा स्वभावाने शांत होते. मुलांना त्यांनी एकच सवय लावली होती. काहीही वाचून झाले की ते विचारीत, “हे सगळे मिळून काय सांगते आहे?” मुलांनी उत्तर दिले की त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला असे, “मग बाकीच्या ओळी कुठे जातात?”

पंतांना वाचनाची परीक्षा घ्यायची हुक्की आली. त्यांनी दप्तरातून हाताला लागले ते पत्र काढले. ते कातळवाडीचेच होते. मुलांनी आळीपाळीने वाचले. कोणी अडखळले, कोणी ओळ चुकले. तुळसा नावाची कुंभाराची मुलगी तर प्रत्येक अक्षराखाली बोट ठेवून वाचत होती. पंत हसून म्हणाले, “गुरुजी, यापेक्षा गोगलगाय लवकर पोहोचेल.”

गुरुजी मुलांकडे वळले. त्यांनी मुलांना विचारले, “हे सगळे मिळून काय सांगते आहे?”

एक मुलगा म्हणाला, “यंदा पाऊस फार झाला.”

“पावसाने चौकट फुगेल,” गुरुजी म्हणाले. “पण उघडीप असताना झरा गढूळ का? मग ती ओळ कुठे जाते?”

दुसरा म्हणाला, “वाडीतली घरे जुनी झालीत.”

“घरे जुनी झाली म्हणून आंबे का कलतील?”

एक मुलगी म्हणाली, “गुरवांना नात झाली, ते आनंदाचे पत्र आहे.”

गुरुजी हसले. “ती ओळ आनंदाची खरी. पण तिचा हात बाकी कुठल्याच ओळीने धरलेला नाही. ती वाटेत भेटली, तिला नमस्कार करून पुढे जायचे. हात धरलेल्या ओळी कुठल्या, ते बघा.”

तुळसा पत्रावर वाकली होती. तिचे बोट दारावरून झऱ्यावर गेले, झऱ्यावरून झाडांवर, झाडांवरून भेगेवर. मग ते थांबले. तिचा चेहरा पांढरा पडला.

“गुरुजी,” ती म्हणाली, “दार जमिनीवर उभं असतं. झरा जमिनीतून येतो. झाडं जमिनीत रोवलेली असतात. भेग जमिनीलाच पडलीय. आणि गुरांना पायाखालचं आपल्याआधी कळतं.” तिने पत्रावरून बोट उचलले. “तिथली जमीन चालू लागलीय. डोंगर निघालाय, गुरुजी.”

गुरुजींच्या अंगावर काटा आला. तीस वर्षे ते हाच प्रश्न विचारीत आले होते. त्याच्या उत्तरात कधी अख्खा डोंगर उभा राहील, असे त्यांच्या मनातही आले नव्हते.

“हे पत्रात कुठेच लिहिलेले नाही!” पंत तावातावाने म्हणाले. “मी शब्द न् शब्द वाचलाय.”

“लिहिलेलं नाही,” तुळसा भीत भीत म्हणाली, “पण सगळं पत्र तेच बोलतंय.”

राजाने पंतांकडे पाहिले. “विसाजीपंत, तुमचे काय म्हणणे आहे?”

पंतांनी पत्र हातात घेतले. या वेळी त्यांनी ते मोठ्याने वाचले नाही. ओठ मिटून, सावकाश, ओळीमागून ओळ ते पाहत गेले. त्यांच्या मनात आले, मुलगी चुकली असे म्हटले तर आपला मान राहील. मग त्यांना ती चाळीस घरे दिसली.

“महाराज,” ते म्हणाले, “पोरीने पत्र वाचले. मी नुसता त्याचा आवाज केला. मला घोडा द्या. मी स्वतः जातो.”

संध्याकाळ व्हायच्या आत पंत आणि वीस स्वार कातळवाडीत पोहोचले. लोक निघायला राजी होईनात. धोंडू गवळी म्हणाला, “पंत, चौकट वाकली म्हणून कोणी गाव सोडतं का?”

पंतांनी त्याला त्याच्याच अंगणात नेले आणि भेगेत आपला हात घातला. सोमाजींनी लिहिले होते, हात जातो. आता कोपरापर्यंत गेला. धोंडूने पाहिले आणि मुकाट्याने गुरे सोडायला सुरुवात केली.

सोमाजी गुरव देवळाच्या पायरीवर मटकन बसले. “दार मी पाहिलं, झरा मी पाहिला, लिहिलंही मीच,” ते पुटपुटले, “आणि मलाच कळलं नाही.”

“बाबा, तुम्ही लिहिलेत म्हणून कोणाला तरी कळले,” पंत म्हणाले आणि त्यांना हात देऊन उठवले.

उजेड होता तोवर सारी वाडी ओढ्यापलीकडच्या कातळावर आली. म्हातारी माणसे, बाळंतीण, गुरे, शेळ्या, कोंबड्या, देवाची मूर्ती, सगळे आले. दुसरा दिवस गेला, काही झाले नाही. तिसऱ्या दिवशी लोक कुरकुरू लागले. राजा गुरुजींना आणि तुळसाला घेऊन तिथे आला होता. काही जण तिच्याकडे रागाने पाहू लागले. तिने गुरुजींचा हात घट्ट धरला.

चौथ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडले होते. आधी पाखरे उडाली, सगळी एकदम. मग झऱ्याचा आवाज थांबला. आणि मग लोकांच्या डोळ्यांदेखत वरच्या अंगाचे ते तीन आंबे उभेच्या उभे चालू लागले.

त्यांच्यामागून सारा डोंगर आला. तो पडला नाही, वाहिला. खडक, माती, रान सगळे एका अजस्र लाटेसारखे खाली उतरले. पायाखालचा कातळ घुमू लागला. लोकांना तो आवाज कानांनी नव्हे, छातीत ऐकू आला. बघता बघता देवळाचा कळस दिसेनासा झाला. मग धूळ बसली आणि सगळे शांत झाले. वाडी होती तिथे तांबडी माती होती, आणि डोंगराच्या जागी नुसते आभाळ.

लोकांनी हात जोडले, ते डोंगराला की देवाला, हे त्यांचे त्यांनाही सांगता आले नसते. मग जो तो घरच्यांना नावाने हाका मारू लागला. प्रत्येक हाकेला ओ आली. एकही हाक रिकामी गेली नाही.

राजाने त्याच कातळाच्या पलीकडे नवी वाडी वसवली.

विसाजीपंत पुढेही चिटणीसच राहिले. मात्र दर गुरुवारी ते शाळेत येत आणि मुलांच्या ओळीत मांडी घालून बसत. दरबारात पत्र वाचून झाले की आता ते लगेच मान वर करीत नसत. पत्र मांडीवर ठेवून डोळे मिटून घेत. दरबार ताटकळत राही, राजाही वाट पाही. मग पंत एकच वाक्य बोलत आणि त्या एका वाक्यावर राजा हुकूम देई.

तात्पर्य: अक्षरे न अडखळता वाचली म्हणजे वाचन झाले असे नाही, सगळ्या ओळी मिळून कोणती एक गोष्ट सांगतात ते ओळखणे, हेच खरे वाचन.